साफ केलेले पठण

पाटीवर पेन्सिल करकरली. ‘बंद कर.’

सुनेने मोबाइलवरचे पठण थांबवले. सकाळपासून हे कितवे, याची गणती तिने केव्हाच सोडली होती. एकात भिक्खूंच्या आवाजावर बासरी आणि धबधबा चढवलेला होता. एकात म्हणणाऱ्याची गाडी सुटत असावी, इतकी घाई होती. एकातले उच्चार दूरदेशीचे, ऐकायला गोड, पण नवशिक्याच्या जिभेला न वळणारे. एक मात्र सावकाश आणि स्वच्छ निघाले, तेव्हा सासूबाई प्रथमच सावरून बसल्या. पण खोटे न बोलण्याचे शील संपते न संपते, तोच आठ दिवसांत गोरेपणाची हमी देणारी जाहिरात सुरू झाली.

पाली पठण शिकवण्यात सासूबाईंचे आयुष्य गेले होते. घराबाहेर सारे त्यांना ‘बाई’ म्हणत आणि त्यांच्यापुढे आवाज चढवण्याची कोणाची छाती नव्हती. घशातली गाठ काढल्यापासून मात्र डॉक्टरांनी त्यांना अवाक्षरही काढायला मनाई केली होती. आवाज पुढे परत येईलच, असेही ते म्हणाले नव्हते. मागच्या खेपेच्या वर्गात शिकणाऱ्यांपैकी एका परिचारिकेने वंदना चक्क सिनेमाच्या चालीवर म्हटली आणि बाकीच्यांनी माना डोलावत तीच चाल उचलली. बाई संतापून पाटीवर हात आपटत राहिल्या. मंडळींना वाटले, बाई ठेका धरताहेत.

तीच मंडळी आज चार वाजता पुन्हा येणार होती. त्यांच्यापुढे लावायला एक धड ध्वनिमुद्रण मिळाले नाही, तर वर्ग त्या चालीच्या घशात जाणार, हे बाईंना स्वच्छ दिसत होते.

“घरचं असताना दारोदार कशाला फिरताय?” मुलगा लॅपटॉप घेऊन आत आला.

तो जाहिरातींच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचे काम करी. शस्त्रक्रियेच्या आधी त्याने आईला याच खोलीत बसवून सगळे पठण मुद्रित केले होते. कोमट पाण्याचा पेला धरून सून तेव्हा मागे बसली होती. ते आता तयार होऊन आले होते, आणि स्टुडिओतल्या कोणत्याही कामावर घेतली नसेल एवढी मेहनत आपण यावर घेतली आहे, असे त्याने दोनदा सांगितले.

बाईंचा आवाज खोलीत उमटला. खणखणीत, एकही खरखर नसलेला. पहिल्या ओळीला दुसरी लागून आली, दुसरीला तिसरी. बाईंच्या कपाळावर आठी उमटली. त्यांनी हात वर करून पठण थांबवले आणि लिहिले, ‘मी श्वास कुठे घेते?’

“काढले सगळे,” मुलगा कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाला. “श्वास ऐकू आला की गिऱ्हाईक काम परत पाठवतं आमच्याकडे. आणि प्रत्येक ओळीनंतर तू केवढी गप्प बसायचीस, आई. तेही कापून जोडून घेतलं. निम्म्या वेळात आटपतं आता.”

पेन्सिल इतक्या जोराने टेकली की तिचे टोक उडाले. उरलेल्या तुकड्याने बाईंनी लिहिले, ‘तिथे शिकणारा म्हणतो.’

मुलाने ते वाचले. चूक कळली, पण ती कबूल करणे त्याला जड गेले.

“मग आधी सांगायचंस ना. आणि ती जागा रिकामी तरी कुठे होती? ही मागे बसून सारखी पुटपुटत होती. हिची पुटपुट काढता काढता जीव गेला माझा.”

सून घाईघाईने कपबशा गोळा करू लागली. लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हा बाईंनी भर वर्गात तिला थांबवले होते. तुझा गळा पठणाचा नव्हे, तू नुसती ऐकत जा, असे बजावले होते. त्यानंतर तिचे तोंड उघडलेले कोणी पाहिले नव्हते.

बाईंनी तिच्याकडे पाहिले. मग पाटी पुसली. ‘काढलेले कुठे आहे?’

“टाकत नाही आम्ही काही. वेगळं ठेवलंय. पण आई, तो कचरा आहे. पंखा, खुर्ची, तुझं खाकरणं...”

बाईंनी त्याच शब्दांखाली रेघ ओढली आणि पाटी त्याच्या नाकासमोर धरली.

त्याने नाइलाजाने ती फाइल उघडली आणि आवाज असेल तेवढा वाढवला. पंख्याची घरघर झाली. एक दीर्घ श्वास ऐकू आला. आणि मग एक दबलेला आवाज त्रिसरणाची पहिली ओळ म्हणाला. खुर्ची करकरली, पुन्हा श्वास, आणि दुसरी ओळ. ओळीमागून ओळ येत राहिली. ऱ्हस्व ते ऱ्हस्व, दीर्घ ते दीर्घ. ओळीच्या शेवटी बाई स्वर किंचित उचलत, तिथे तो तसाच उचलला जात होता. बाईंचा स्वतःचा एक शब्दही त्यात नव्हता.

कपबशांचा ट्रे हातात धरून सून दारातच थांबली होती. मुलगा लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहत होता, बायकोकडे नव्हे.

बाईंनी डोळे मिटून पंचशीलापर्यंत ऐकले. मग सुनेला बोटाने जवळ बोलावून पाटी तिच्यापुढे सरकवली. ‘तिसऱ्या शीलाला घाई करतेस.’

तेवढ्यात घंटा वाजली. परिचारिकेचे हसणे दारापलीकडून ऐकू आले. कोणीतरी ती सिनेमाची चाल गुणगुणत होते. सवयीने सून दार उघडायला वळली.

बाईंनी तिचे मनगट धरले, ट्रे काढून मुलाच्या हातात दिला, आणि हनुवटीने त्याला दाराकडे पिटाळले.