कमी आणि अपुरं

बाळाच्या तपासणीला आलेल्या आशाताईंनी चप्पल काढायच्या आतच मी कौतुकाने सांगितलं, "कालपासून पिल्लू अजिबात रडलं नाही."

"हिला दूध कमीच आहे हो," आई म्हणाली, "पण नात समजूतदार निघाली. तेवढ्यात भागवते."

ताई हसल्या नाहीत. त्यांनी बाळाच्या तळपायावर टिचकी मारली. पुन्हा मारली. "लंगोट कधी बदललात?"

"काल... सकाळी." म्हणतानाच मी लंगोट चाचपला. कोरडाच होता.

"काकू, दूध कमी पडलं तर बाळ रडून मागतं. अपुरं पडत राहिलं की मागायचंही सोडतं." त्यांनी रुग्णवाहिकेला फोन लावला. "गाडी येईपर्यंत हिला झोपू देऊ नका."

बाळ झोपावं म्हणून नऊ दिवस साऱ्या घराला हळू बोलायला लावणारी आई नातीच्या उशाशी बसून ताटावर पळी आपटू लागली. पिल्लाची पापणीसुद्धा हलली नाही.