पांगाऱ्यावरचा शिंजीर

“संपलं! एक पाखरू उरलं नाय इथं!” सहदेव पांगाऱ्याखाली उभा राहून ओरडला.

“अहो, हळू. मी इथंच बसलेय,” रुक्मिणी म्हणाली. ती दगडावर बसून चपलेत घुसलेला काटा उपटत होती. नवऱ्याच्या ओरडण्याचं तिला काही वाटत नसे. गिरणीतल्या साचे खात्यात, मागांवर आयुष्य काढलेला माणूस तो. तिथं एवढा खडखडाट, की कामगार एकमेकांचे ओठ बघून बोलणं ओळखतात. हा बाजारात वांग्यांचा भाव करायला लागला की लोकांना वाटे, मारामारी जुंपली.

“चूक माझीच,” सहदेव म्हणाला. “पलीकडच्या खाणीत सुरुंग लावायला लागले, तेव्हाच समजायला हवं होतं. भिऊन पळाली सगळी. आता या मुलुंडात ठेवलंय काय आपलं? उद्या मालकाला सांगून टाकतो, खोली सोडली म्हणून. जाऊ या परत लालबागला.”

रुक्मिणीनं मान खालीच ठेवली, कारण तिला हसू आवरत नव्हतं. लालबाग! तिथं तिची बहीण सुलक्षणा, तिथं नळावर चार बायका बोलायला, घरात बटण दाबलं की दिवा. ते सोडून या माणसानं तिला डोंगराखाली कंदिलाच्या उजेडात आणून टाकलं होतं. का, तर म्हणे पाखरं! गिरणी तिकडे आणि बिऱ्हाड इकडे, असं कोणी करतं का? पण रविवार उजाडला की स्वारी डोंगरावर. थंडी पडली की ओढ्याकाठी शेपूट हलवत धोबी पक्षी उतरतो. फाल्गुनात पांगारा लाल झाला की एरवीचा मळकट शिंजीर जांभळा-काळा चमकायला लागतो आणि दिवसभर गात सुटतो. घरी येऊन हे सगळं तो तिला चुलीपाशी बसून सांगायचा. ती ‘हो का’ म्हणायची आणि भाकरी उलटायची. बघायला मात्र कधी आली नव्हती. आज ‘शेवटचं एकदा बघू, पाखरं नसली तर जाऊ’ असं तो म्हणाला, म्हणून आली.

“गेल्या वर्षी या झाडाखाली काय कल्ला होता गो! शिंजीर आधी कानाला सापडायचा, मग डोळ्याला. आज ऐक. नुसतं स्मशान.”

रुक्मिणीनं काटा फेकला आणि वर बघितलं.

“स्मशान कसलं डोंबलाचं! तो मेला मघापासून कोकलतोय की. कान किटले माझे.”

“कोण?”

“तो काय, शेंड्यावर. अंगठ्याएवढा जीव, पण आवाज बघा केवढा!”

सहदेवनं कपाळावर हात धरून वर पाहिलं. पानं झडलेल्या फांदीवर, लाल फुलांच्या वर, जांभळं काहीतरी चमकलं. शिंजीरच होता. त्याची चोच उघडत होती, मिटत होती. गळा फुगत होता. इवलीशी शेपटी दर वेळी हिसका देत होती.

आवाज नव्हता.

“गप्प बसलाय तो,” सहदेव म्हणाला.

“गप्प? अहो, थांबायचं नाव नाही त्याचं!”

“खोटं बोलतेस तू!” तो तिच्या अंगावर धावून गेल्यासारखा ओरडला.

“मी कशाला खोटं बोलू?”

खोटं बोलून हिला काय मिळणार होतं? लालबागला जायचा ध्यास तर हिलाच होता. नुसती गप्प बसली असती तरी उद्या खोली सुटली असती.

मग नदीतून बाहेर आल्यावर पाणी काढतात तसं त्यानं कानात बोट घालून जोरात हलवलं. एका कानात, मग दुसऱ्या. पुन्हा वर बघितलं. खालच्या वाडीत कावळा ओरडला, तो जाडाभरडा आवाज त्याला ऐकू आला. वरची चोच तेवढी मुकी उघडत मिटत राहिली.

रुक्मिणीला एकदम आठवलं. परवा ती देवापुढं घंटी वाजवत होती आणि हा पाठीमागून म्हणाला होता, “आज घंटी नाय वाजवलीस?” तिला वाटलं, चेष्टा करतोय. भाकरी थापताना ती पाठमोरी काही बोलली की हल्ली तो चिडायचा, तोंडातल्या तोंडात बोलू नको म्हणायचा. देवा रे! सुरुंगाला शिव्या घालत बसला हा, आणि पाखरं इथंच होती. सगळी इथंच होती!

“रुक्मिणी,” सहदेव म्हणाला. लग्न झाल्यापासून तो इतक्या हळू कधी बोलला नव्हता. “अजून गातोय?”

“हो,” ती म्हणाली.

तो तिच्या ओठांकडे बघत होता. “ते दिसलं गो. ऐकू नाय आलं.”

तिच्या मनातून लालबाग केव्हाच गेलं होतं. ती उठली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि जन्मात कधी ओरडली नव्हती तशी बेंबीच्या देठापासून ओरडली, “गातोय! अजून गातोय हो!”

डोंगरावर आपटून तिचा आवाज परत आला. शेंड्यावरची फांदी हलली. शिंजीर घाबरून भुर्रकन उडाला आणि खाणीच्या बाजूला दिसेनासा झाला.

“हे आलं ऐकू,” सहदेव म्हणाला.