एकदाची एकटी गेली

सासऱ्यांच्या तबेल्यात काचेची एक बंद खोली होती. शर्यतीच्या घोड्यांचा दम वाढावा म्हणून आतला ऑक्सिजन मुद्दाम कमी ठेवायचे आणि फिरत्या पट्ट्यावर त्यांना पळवायचे. पण चांदणी घोडी इतकी नाठाळ, की जावई शेजारी असल्याशिवाय आत पाऊलच टाकायची नाही. तिच्यापायी रोज त्याचाही जीव गुदमरायचा. बाहेर आला की डोकं नुसतं ठणकायचं.

"बाबा, मला दुसरी नोकरी मिळतेय. आम्ही वेगळं राहावं म्हणतोय," शेवटी तो बोललाच.

"राहा की! तुम्हाला काय मी बांधून ठेवलंय? फक्त चांदणी एकटी आत जायला लागू दे, मग खुशाल निघा."

मग काय, त्याने घोडीच्या मिनतवाऱ्या सुरू केल्या. गाजरं चारली, मानेवरून हात फिरवला, रोज थोडा थोडा मागे सरकला. आणि आज ती एकटीच आत शिरली, पट्ट्यावर चढून झोकात धावायला लागली.

काचेबाहेर त्याने छातीभर श्वास घेतला आणि बायकोला फोन लावला, "बॅगा भर!"

तेवढ्यात सासऱ्यांनी मागून येऊन त्याला मिठीच मारली.



"मानलं जावईबापू! नाठाळ म्हणून कुणी घेत नव्हतं, अशा आणखी चार घोड्या मी आत्ताच घेऊन टाकल्या. तुम्ही असताना कसली काळजी!"