चार बोटं खाली

मालक गेले त्याच्या आधीपासूनच हौसाक्कांच्या शेतात नांगर बंद होता. धसकटं जागीच कुजायची आणि माती काळी होत चालली होती. माती तपासायला आलेल्या पोरीनं बांधाशी सळई खुपसली. पिकानं कुणाचा श्वास पिऊन मातीत साठवलाय, ते ही सळई सांगायची.

“कुणाचा शोधू, आजी?”

“आमच्या मालकांचा.”

“यंत्राला नाव लागतं.”

लग्नातल्या उखाण्यानंतर हौसाक्कांनी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. त्यांनी पदर सावरला. “भानुदास.”

सळईचा दिवा लागला. श्वास चार बोटं खाली होता.

पोरगी नमुना भरू लागली. “राहू दे बाई तिथंच,” म्हणत हौसाक्का ज्वारीपाशी बसल्या आणि पानांना तोंड लावून पुन्हा पुन्हा तेच नाव घेऊ लागल्या.

“आता काय करताय, आजी?”

“हाक मारतेय. ज्वारी पोचवील खाली.”