अपूर्णांकांचा तास

मास्तरांनी फळ्यावर एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश असं मांडलं आणि वर्गाकडे वळून पाहिलं. वर्गात बारा विद्यार्थी होते. सगळ्यात धाकटा तिशीचा, आणि सगळ्यात थोरल्याला पूर्ण टक्कल पडलेलं.

"मोठ्यांचा वर्ग आहे," मुख्याध्यापिकाबाईंनी दारातच सांगितलं होतं. "जरा सांभाळून घ्या. चाळीस मिनिटं तुमची." मग त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर वही उघडून बसल्या होत्या.

या चाळीस मिनिटांवर मास्तरांचं सगळं अडलं होतं. परदेशात येऊन पाच महिने झाले होते. अकरा शाळांनी त्यांचे कागद कौतुकाने पाहून तितक्याच कौतुकाने परत दिले होते. येत्या एकतीस तारखेपर्यंत नेमणुकीचं पत्र हातात पडलं नाही, तर राहण्याचा परवाना संपत होता आणि गाशा गुंडाळायचा होता. परत जाण्यात तसं वाईट काही नव्हतं. पण निघताना मास्तरांचा निरोपसमारंभ झाला होता. सात भाषणं. शाळेच्या शिपायाला तर हुंदका आवरला नव्हता. लोकांना एवढं रडवून सहा महिन्यांत "काय, बरं आहे ना?" करत परत उगवायचं, म्हणजे त्यांच्या अश्रूंचा अपमानच.

"तिथे जरा हसून बोल," थोरल्या बहिणीने सकाळी बजावलं होतं. "तुझा चेहरा म्हणजे कायमचा निकालाचा दिवस."

"आणि नाहीच जमलं तर माझ्या मित्राचं गोदाम आहे," दाजी म्हणाले. "खोकी मोजायची. गणितच ते."

"दाजी, मी अठ्ठावीस वर्षं मुलं घडवलीत."

"मग तर सोपंच की. खोकी घडवलेलीच येतात."

जाहिरातीत मात्र 'गणिताचे अनुभवी शिक्षक पाहिजेत' असं स्वच्छ लिहिलं होतं. मास्तर त्या 'अनुभवी'च्या आधाराने इथवर आले होते.

"कोण सांगेल?" मास्तरांनी हसून विचारलं.

पहिल्या बाकावरच्या, चष्मा नाकावर उतरलेल्या बाईंनी हात वर केला. "दोन पंचमांश."

मास्तर चमकले. वरचे आकडे वर मिळवले, खालचे खाली. ही चूक सहावीच्या प्रत्येक वर्गात कुणी ना कुणी करायचंच. पण इतक्या लांब येऊन, पन्नाशीच्या बाईंच्या तोंडून, तेच दोन पंचमांश! परक्या गावात आपल्या गल्लीतला माणूस भेटावा, तसं त्यांना झालं.

"छान," ते म्हणाले. "आता मला सांगा, अर्ध्यात आपण भर घातली. मग उत्तर अर्ध्याहून कमी कसं आलं?"

वर्ग विचारात पडला. टकलू गृहस्थांनी शेवटच्या बाकावरून विचारलं, "सर, पण पाच मोठे ना? मग द्वितीयांशापेक्षा पंचमांश मोठाच असणार."

"दुसरी नेहमीची," मास्तर मनात म्हणाले. त्यांनी कागदाच्या घड्या घालून दाखवायला सुरुवात केली. नेमकं छेद समान करायच्या वेळी एका दाढीवाल्याने "सर, बाहेर जाऊ?" विचारलं. दोन बायका कुजबुजल्या. कुणाचं तरी पेन खाली पडलं. मास्तरांना कमालीचं कुतूहल वाटू लागलं. ही माणसं इतकी वर्षं होती कुठे? शाळा सुटली तेव्हा सहावीत जिथे अडली, तिथेच जशीच्या तशी राहिली?

"आपण काय काम करता?" त्यांनी टकलू गृहस्थांना हळूच विचारलं.

गृहस्थांनी मुख्याध्यापिकाबाईंकडे पाहिलं. "इथेच असतो," ते म्हणाले.

बिचारा, मास्तरांना वाटलं. मग ते परवाना विसरले, गोदाम विसरले, चाचणीही विसरले. बाकाजवळ उकिडवे बसून त्यांनी टकलू गृहस्थांकडून तीनदा घड्या घालून घेतल्या. चौथ्यांदा गृहस्थांचा चेहरा उजळला.

"म्हणजे आधी तुकडे सारखे करायचे! मग पाच षष्ठांश!"

चाळीस मिनिटं संपली होती.

"उत्तम," मुख्याध्यापिकाबाई वही मिटत म्हणाल्या. "कोण कुठे चुकणार, हे तुम्हाला आधीच कळत होतं."

"बाई, अठ्ठावीस वर्षं त्याच चुका पाहतोय."

"सगळ्या लक्षात आहेत?"

"एकूण एक. झोपेतून उठवून विचारा."

"आणि मुलांचे बहाणे?"

"तेही. अगदी कुठल्या मिनिटाला कुठला, ते सांगतो."

"मग झालं तर." बाईंनी तिथल्या तिथे पत्रावर सही करून ते मास्तरांच्या हातात ठेवलं. नेमणूक, आजपासून. मास्तरांनी पुढचं वाचलंच नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं. दाजींना आता काय सांगायचं, हे मात्र त्यांनी लगेच ठरवून टाकलं.

"वर्ग कुठला, बाई?"

"हाच."

"आणि माझा तास?"

"आता सुरू होतोय. तिथे बसा." बाईंनी शेवटच्या बाकाकडे बोट दाखवलं.

दारात एक तरुण बाई खडूची पेटी छातीशी धरून उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते. मनातल्या मनात पाठाची उजळणी चालली असावी. "या, या," मुख्याध्यापिकाबाई त्यांना म्हणाल्या. "मोठ्यांचा वर्ग आहे, जरा सांभाळून घ्या."

मास्तर गोंधळून बाकावर टेकले. टकलू गृहस्थांनी सरकून जागा दिली आणि कानाशी तोंड आणलं.

"आज दोन पंचमांश तुम्ही म्हणा. पण घाई करू नका, आधी थोडी बोटं मोजा. आमच्याकडे मी एकतीस वर्षं गणितच शिकवत होतो."