दगडाच्या अलीकडे

सकाळपासूनचा सहावा किडा मेला होता. ऐनाच्या फांदीला मागच्या पायांनी धरून, डोकं खाली करून तो लोंबत होता. लटारूनं त्याला बोट लावलं. कातडी फुटली आणि काळपट पाणी मनगटावर ओघळलं. दुपारपर्यंत त्या एका झाडावर चाळीस झाले. शेजारच्या झाडावरचे त्यानं मोजले नाहीत.

किडे कोसा, म्हणजे रेशमाचा कोश, विणायला लागायला अजून नऊ दिवस होते.

त्याला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं, एवढं कळत होतं. तो झाडाखाली बसला आणि नियम मोजू लागला.

आरमोरीकडच्या जंगलात कोशाचे किडे राखायचं काम मासे धरणाऱ्या ढिवरांचं. लटारूला ते बापाकडून आलं होतं, आणि कामाबरोबर नियमही आले होते. किडे झाडावर चढवले की कोसा उतरेपर्यंत दाढी करायची नाही. डोक्याला तेल लावायचं नाही. मासळी नाही, हळद नाही. रानाच्या कडेला शेंदूर फासलेला एक दगड होता. राखणदारानं तो ओलांडून गावात जायचं नाही. बायको दगडावर भात आणि बिनहळदीचं पांढरं वरण ठेवून परत जाई. बोलायचं ते लांबूनच. नियम मोडला की किडे मरतात.

आज एकतिसावा दिवस होता. लटारूनं एकही नियम मोडला नव्हता. म्हणून तो पुन्हा पहिल्यापासून मोजत होता.

अठराव्या दिवशी त्याची बायको मनकर्णा दगडापाशी उभी राहून ओरडली होती, "अवो, कमळीले ताप हाये. बाबा, बाबा करून राह्यली. येता का?"

कमळी त्यांची मुलगी. चार वर्षांची.

"किडे टाकून कसा येऊ?" लटारू म्हणाला होता.

मनकर्णानं भात दगडावर ठेवला. मग गेली.

विसाव्या दिवशी तिचा भाऊ बुधू आला. कमळी गेली, मूठमाती झाली, असं त्यानं पलीकडूनच सांगितलं. जो रानातून गावात उतरला नाही त्याला सुतक लागत नाही, अशी रीत होती. बुधू बोलत असतानाच किडे टिपायला फांदीवर कावळा येऊन बसला. लटारूनं गुलेल ताणली. नेम बरोबर लागला. त्या दिवसापासून जेवण बुधूच्या घरून येऊ लागलं.

गेल्या साली चांद्याहून एक साहेब आला होता. किडे असे काळे पडून लोंबतात तो रोग असतो, त्याचे जंतू डोळ्याला दिसत नाहीत, असं त्यानं समजावून सांगितलं होतं. पण रोगाला कोणाची चूक लागत नाही. लटारूला चूक हवी होती. बारीकशी चालली असती. केसाला कुठून तरी लागलेलं तेल, वरणात पडलेला हळदीचा कण. ती सापडली असती तर किडे तिच्यामुळं मेले असते, आणि त्याचं दगडाच्या अलीकडे राहणं खरं ठरलं असतं. नाही सापडली, तर तो उगाच राहिला होता.

तो शेजारच्या रानात नानाजीकडं गेला. नानाजी चाळीस वर्षं किडे राखत होता. छातीपर्यंत दाढी. नियम पाळावेत तर नानाजीसारखे, असं सगळं गाव म्हणे.

"नानाजी, किडे चालले," लटारू म्हणाला. "माह्यं काय चुकलं?"

नानाजीनं त्याच्या मनगटावरचा काळा डाग पाहिला. "गावात कितीदा गेला तू?"

"एकदाबी नाई."

"अबे, माह्यापासून कायले लपवतं? मी का कोणाले सांगून राह्यलो?"

"नाई गेलो."

नानाजीच्या तोंडावर हसू येत होतं. ते अर्ध्यातच राहिलं.

"पोट्टी बिमार होती, तवाबी?"

"नाई."

नानाजी गुलेलीसाठी मातीची गोळी वळत होता. ती गोल झाली तरी तो वळतच राहिला.

"मी दर खेपेले जातो गा," तो म्हणाला. "दोनदा, तीनदा. नातवाले पाहून येतो. पलीकडच्या रानातला पत्रू जाते. झिंगू तं मासोळीचा रस्सा खाऊन येते. तुहा बापबी जाये. अंधारात जाचं, उजाडाच्या आंधी याचं. बोलाचं नाई, एवढंच."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"हे का सांगाची गोष्ट हाये? मले वाटलं, तूबी जातच असशीन."

लटारू उठला. भर उन्हात दगडापाशी आला आणि तो ओलांडला. विहिरीवर दोन बाया दोर धरून उभ्या होत्या. त्यांनी त्याच्याकडं पाहिलं आणि दोर ओढायच्या थांबल्या. तो त्यांच्या समोरून गेला.

घराचं दार उघडं होतं. मनकर्णा चुलीपाशी होती. तिनं त्याच्या दाढीकडं पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यानं मनगट धुतलं. काळं पूर्ण गेलं नाही.

"किडे मेले," तो म्हणाला.

"हाव."

तिनं ताट मांडलं. भात वाढला. वरणाच्या पातेल्यापाशी तिचा हात थांबला.

"हळद हाये यात."

"वाढ."

तो जेवू लागला. दारातून एक कुत्रं आत डोकावलं. मनकर्णानं त्याला हाकललं, पण दार लोटलं नाही.

"दार काऊन उघडं ठेवतं?" लटारूनं विचारलं.

"पोरीले ताप आला तवा नानाजीले इचारलं होतं. ते म्हणे, सगळेच येतात अंधाराचे, तोबी येईन. कडी लावू नोको." तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "तवापासून लावलीच नाई."