पिसं उपटणारा पोपट

दिवाळीला नागावच्या घरी आलेला हरेश्वर चार दिवस वही घेऊन पिंजऱ्यासमोर बसला होता. पोपटाने छातीवरची पिसं उपटून कातडी लाल केली होती. उवा समजून आई, नीराबाई, त्याला घासलेट चोळायला निघाली होती.

“आये, उवा न्हाईत. पिसं साफ करताना पोपट ती चोचीतून हळू ओढतो. एकटा पडला, की मुळासकट उपटतो. थव्यात पोपट एकमेकांची डोकी साफ करतात. याला हाय कोण?”

“दोन वेळा आयतं खायला मिळतं, वर सोबत हवी!” नीराबाई फणकारली. “यासाठी बी.एस्सी. झालास व्हय?”

माजघरात तांदूळ निवडणारे त्याच्या बायकोचे, केसरचे, हात थांबले. लग्नाला तीन वर्षं झाली होती. नवरा मुंबईला नोकरीत आणि ती इथे सासूजवळ. कानामागचे केस एकेक करून उपटत तिने स्वतःच रुपयाएवढं टक्कल पाडलं होतं आणि ते पदराखाली लपवलं होतं. ज्याला पाखराचं कळलं त्याला आपलंही कळेल, अशा आशेने संध्याकाळी तिने पदर सरकवून त्याला ते दाखवलं. बोलायचा मात्र धीर झाला नाही.

हरेश्वरने दिवा जवळ धरून नीट पाहिलं. “नायटा हाय. मुंबईहून मलम पाठवतो.”



दुसऱ्या सकाळी तो पिंजरा घेऊन बोटीला निघाला, आणि उंबऱ्याशी उभ्या आईला म्हणाला, “माझ्या खोलीवर सोबतीला राहील, म्हणजे महिन्याभरात पिसं येतील.”